मिस्टरांना आरपी (डोळ्याच्या पडद्याचा आजार) आहे, पांढरी काठी हातात घ्यायला तयार नाहीत. नागपुरातलं कोणी सांगेल का?

मानेवाडावाली

नमस्कार. इथे वर्षभर नुसतं वाचून जाते, आज पहिल्यांदा लिहून राहिले. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या ह्यांचं वय ४६, सिव्हिल लाइन्समध्ये एका सरकारी ऑफिसात सीनियर क्लार्क. लग्न ठरलं तेव्हा "रात्रीचं थोडं कमी दिसते" एवढंच सांगितलं होतं. सासूबाईंचं म्हणणं, लहानपणी पपई खाल्ली नाही म्हणून. आठ वर्षांपूर्वी रेटिनावाल्या डॉक्टरांनी आरपी म्हणून सांगितलं आणि याला औषध नाही म्हणूनही सांगितलं, दोन्ही पाच मिनिटांत. तेव्हापासून कडेचं दिसणं आक्रसत गेलं. आता समोरचं तेवढं उरलं आहे, मुठीच्या भोकातून बघितल्यासारखं. त्या भोकातून पेपर मात्र अजून वाचतात, अग्रलेखासकट. पेपर वाचतात, उठतात आणि मी फरशी पुसायला ठेवलेल्या बादलीवर आदळतात. शेजारच्या काकू म्हणतात, "लक्ष कुठं राह्यते हो भाऊजींचं?"

मागच्या महिन्यात चुलत दिराच्या मुलीचं लग्न होतं, वर्धा रोडच्या एका लॉनवर. संध्याकाळची वेळ, डोळ्यांत घुसणारे लाइट, खाली हिरवं कार्पेट आणि कार्पेटखाली वायरी. व्याह्यांनी हात पुढे केला, ह्यांना दिसलाच नाही, त्यांचा हात तसाच राहिला. पुढे स्टेजची पायरी चुकली आणि हे नवरदेवाच्या मामाच्या अंगावर गेले. मागून कोणीतरी बोललं, "आज घेऊन आले वाटते भाऊजी." घरी आल्यावर मी म्हटलं, सांगून टाका ना एकदाचं सगळ्यांना. तर म्हणाले, "पिऊन आला समजतील तर समजू दे. आंधळा नको."

तेव्हापासून मला झोप नाही. काठीचा विषय काढला की उठून आत जातात. ऑफिसात कोणाला माहीत नाही, कळलं तर घरी बसवतील अशी त्यांना भीती. दोन वर्षांपूर्वी मी मागे लागून दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेले होते. तक्ता वाचायला लावला, ह्यांनी वाचला. "तुम्हाले तं चांगलं दिसते" म्हणून ३० टक्के लिहून दिले. बाहेर आल्यावर हे मला म्हणतात, बघ, सरकारच म्हणते मला दिसते.

तर विचारायचं असं की, काठी कुठे शिकवतात, सर्टिफिकेटचं पुन्हा काही होऊ शकतं का, नोकरीला खरंच धोका आहे का, आणि घरात मी काय बदलू? मोठी मुलगी १२ वर्षांची आहे, तिचं काय, हेही मनात येत राहते.

कोनमापक

ताई, बाकीचं मागून. आधी हे सांगा, ते गाडी चालवतात का? तुम्ही लिहिलं नाही, म्हणजे चालवत असतील असं मी धरून चालतो. आरपीवाल्यांच्या बायका हे लिहीत नाहीत. माझ्या बायकोनंही कोणाला सांगितलं नव्हतं.

मी ५४ चा, प्रतापनगरला राहतो, शाळेत गणित शिकवतो. मलाही आरपीच. २०११ च्या डिसेंबरातली दुपार, खामल्याच्या बाजाराकडून घरी येऊन राहिलो होतो. स्कूटर वीसच्या वर नसेल. समोरचा रस्ता अगदी स्वच्छ दिसत होता, आणि आरपीची फसवणूक हीच आहे: जे दिसत नाही ते काळं दिसत नाही, ते नसतंच. डावीकडून पेरूची हातगाडी वळत होती. माझ्या हिशेबाने ती जगात नव्हती. धाडकन आवाज, मी खाली, पेरू रस्ताभर. पेरूवाला ओरडला, "डोळे फुटले का बे तुये?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो दादा, फुटलेच."

तो एकदम गप्प झाला. मग आम्ही दोघं उन्हात उकिडवे बसून पेरू गोळा करायला लागलो. तो सांगायचा आणि मी उचलायचो. "गुडघ्यापाशी एक हाये." "मांगं, मांगं, अजून मांगं." "आता तुमच्या हातापाशी." 'बे'वरून 'तुम्ही'वर आला होता, लक्षात घ्या. मी तीनशे रुपये दिले, त्याने दोनशे ठेवून शंभर परत केले, वर फुटलेला एक पेरू माझ्या हातावर ठेवला. मला दिसत नाही हे मी आईला सांगितलं नव्हतं, हेडमास्तरांना सांगितलं नव्हतं, स्वतःशी म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा सांगितलं ते त्या पेरूवाल्याला. स्कूटर त्याच आठवड्यात काढून टाकली. हातगाडीच्या जागी सायकलवरचं पोट्टं असतं तर? तेव्हा किल्ली आजच्या आज काढून घ्या. काठीचं नंतर बघू.

आता सर्टिफिकेट. तक्त्याच्या परीक्षेत आरपीवाला पहिला येतो, म्हणून फसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, अजिबात न दिसणं सोडलं तर, अंधत्वाच्या व्याख्येला दोन फाटे आहेत. एक नजरेच्या ताकदीचा: चष्मा लावून, चांगल्या डोळ्याने ३/६० पेक्षा कमी, म्हणजे साध्या माणसाला ६० मीटरवरून दिसतं ते तीन मीटरवरूनही न दिसणं. दुसरा नजरेच्या क्षेत्राचा: १० अंशांपेक्षा कमी. दोन्हींपैकी एक असलं तरी पुरे. क्षेत्र ४० च्या खाली पण १० पर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी. अंश म्हणजे किती, हे माझं खातं आहे. हात समोर सरळ लांब करा, मूठ वळा. त्या मुठीची रुंदी साधारण १० अंश. साध्या माणसाला दोन्ही डोळ्यांनी मिळून आडवं जवळजवळ १८० अंश दिसतं, म्हणजे अठरा मुठी. तुमच्या मिस्टरांच्या अठरांतल्या किती उरल्या ते तक्ता कसा सांगणार? त्याला फील्ड टेस्ट लागते, पेरिमेट्री म्हणतात. अर्ध्या गोल कढईसारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी पहिल्यांदा केली तेव्हा मशीन बंद आहे असं समजून पाच मिनिटं नुसता बसून होतो. ती चालू होती. त्या टेस्टचा ताजा कागद आणि रेटिनाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन सर्टिफिकेटच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर पुन्हा अर्ज करा, आणि बोर्डासमोर तक्ता वाचायच्या आधी तो कागद टेबलावर ठेवा. बहुतेक सगळ्या सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात, तीसच्या कागदाने काही हाती लागत नाही. रेल्वेच्या सवलतीची मात्र आशा धरू नका, ती अजिबात न दिसणाऱ्यालाच आहे. थोडं दिसणारा तिकीट खिडकीवर डोळस आणि प्लॅटफॉर्मवर आंधळा, हा हिशेब मला आजवर सुटलेला नाही.

नोकरीचं भय काढून टाका. त्याच कायद्याचं कलम २०. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. असलेलं काम जमत नसेल तर त्याच पगाराच्या दुसऱ्या पदावर घ्यायचं, तसं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य, म्हणजे जादाचं, पद निर्माण करून ठेवायचं, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत. बढतीही त्या कारणाने अडवता येत नाही. पण हे सगळं सर्टिफिकेट असलेल्या माणसाला. लपवून ठेवलं आणि फायलीत चूक झाली, तर तो नुसता निष्काळजी क्लार्क ठरतो.

काठी. मला शिकवली ती एका जन्मांध मित्राने. मी म्हटलं पहाटे साडेपाचला येतो, कोणी बघायला नको. शंकरनगर चौकात उभे होतो, मी काठी उलगडत नव्हतो. तो म्हणाला, "तुले लोकाईची लाज वाटते. मले तर लोकं दिसतच नाही." त्याने शिकवलेलं एवढंच: काठी छातीच्या मधल्या हाडापर्यंत उंच हवी. हात बेंबीसमोर. डावा पाय पुढे जाताना टोक उजवीकडे, उजवा जाताना डावीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच बघून ठेवलेली असते. ऐकायला सोपं आहे. पाय आणि हात एकमेकांचं ऐकायला मला तीन आठवडे लागले. रीतसर शिकायचं तर दक्षिण अंबाझरी रोडवर ब्लाइंड रिलीफ असोसिएशनची अंधशाळा आहे, विचारपूस तिथून सुरू करा. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या सक्षम संस्थेचं मुख्य कार्यालयही नागपुरातच आहे.

आपल्या गावाचं वेगळं शास्त्र आहे. सिमेंटचा रस्ता संपून फरसबंदीचे गट्टू लागतात तिथे काठीचा आवाज बदलतो, टकटकचं खडखड होतं. ती कड धरून चालायचं. पण काठी कमरेच्या वरचं सांगत नाही. अधिवेशनाच्या दिवसांत रस्त्यात आडवे बांबू बांधतात, काठी खालून निघून जाते आणि बांबू छातीवर बसतो. दोन हिवाळे बसला, तिसऱ्या हिवाळ्यात मोकळा हात आडवा धरायला शिकलो. आणि उन्हाळ्यात कूलर. गल्लीत दहा कूलर घरघरायला लागले की मागून येणारं काहीच ऐकू येत नाही, ई-रिक्षा तर तशीही मुकी. मे महिन्यात मी नागपुरात जास्त आंधळा असतो.

एक मात्र सांगतो, काठी हातात आल्यापासून मला कोणी प्यालेला म्हटलं नाही.

घरात फार तोडफोड नको. दार एकतर पूर्ण उघडं ठेवा नाहीतर पूर्ण लावा. अर्धं उघडं दार कडेने कपाळात येतं, माझ्या भुवईवर तीन टाके आहेत. बादली भिंतीला. जिन्याच्या पायरीच्या कडेला पिवळी चिकटपट्टी. पाणी स्टीलच्या पेल्यात देऊ नका, आतलं पाणी आणि पेला दोन्ही सारखेच चमकतात, भरलाय की रिकामा कळत नाही. भात पांढऱ्या ताटलीत नको, गडद निळी किंवा काळपट घ्या. आणि ताट आजी वाढायची तसं वाढा: मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, वरणाची वाटी. परदेशात अंधांना घड्याळाचे आकडे सांगून जेवायला शिकवतात, भाजी तीन वाजता, पाणी एक वाजता. आपल्याकडे डावी-उजवी बाजू केव्हाची ठरलेली आहे, फक्त आपणच बुफेच्या नादात विसरलो. हात धरून ओढत नेऊ नका. त्यांना तुमचं कोपर धरू द्या, ते अर्धं पाऊल मागे राहतील. तुमचा खांदा खाली गेला की पायरी उतरती आहे हे त्यांना आपोआप कळतं.

मधलंच गायब

कोनमापक काका, तुमचं आणि माझं अगदी उलट. मला स्टारगार्ट आहे, मधलं गेलं, कडेचं आहे. तुम्हाला समोरच्याचं नाक दिसतं आणि कान दिसत नाहीत, मला कान दिसतात आणि चेहरा नाही. आपण दोघं मिळून एक पूर्ण माणूस बघू शकतो.

काकू, मी २२ ची, बँकेच्या परीक्षांची तयारी करून राहिले. मी मेट्रोने फिरते. काकांचं ऑफिस सिव्हिल लाइन्सला आहे तर छत्रपती चौकातून ऑरेंज लाइन धरायची, मधे अजनी, रहाटे कॉलनी, काँग्रेसनगर, सीताबर्डी, पाचवं झिरो माइल. गाडी बदलायची नाही. घोषणा होते, आणि जमिनीवर उठावाच्या पिवळ्या टाइल्स आहेत: लांब रेघा लागल्या की चालत राहायचं, ठिपके लागले की थांबायचं. स्टेशनच्या आत आयुष्य सोपं आहे. बाहेर पडलं की त्या टाइल्स कुठे संपतात आणि ऑटोवाल्यांची गर्दी कुठे सुरू होते ते तुमचं तुम्ही बघायचं.

लोक बोलतातच. मी फोन नाकाला लावून वाचते आणि काठी मांडीवर असते. परवा एक काकू दुसऱ्या काकूंना म्हणाल्या, "पाय ना, मोबाइल दिसते तिले, मंग काठी कायले?" माझे कान शाबूत आहेत हो काकू. मी काही बोलले नाही, झिरो माइल आलं होतं.

नोटांचं काकांना आत्तापासून शिकवा, अजून थोडं दिसतं तोवर. नव्या शंभर, दोनशे, पाचशे, तिन्ही नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर. लांबी १४२, १४६, १५०. चार-चार मिलिमीटरवर शंभर-तीनशे रुपयांचा खेळ. कडेला उठावाच्या तिरक्या रेघा असतात: शंभरवर चार, दोनशेवर चार आणि त्यांच्या मधे दोन गोळे, पाचशेवर पाच. कोऱ्या नोटेवर बोटाला लागतात. गोकुळपेठ बाजारात महिनाभर फिरलेली नोट मात्र गुळगुळीत. म्हणून मी पाचशे सरळ ठेवते, दोनशेला एक घडी, शंभरला दोन. घरी एकटी असले की रिझर्व्ह बँकेचं मणी ॲप, २०२० मध्ये आलं, नेट नसलं तरी नोट किती रुपयांची ते बोलून सांगतं. खरी की खोटी ते सांगत नाही.

बँकेवरून आठवलं. माझं खातं उघडताना एका बँकेत म्हणाले, एटीएम कार्ड देता येत नाही, वडिलांसोबत जॉइंट करा. अहो, मी सज्ञान आहे. रिझर्व्ह बँकेचं जून २००८ चं परिपत्रक आहे, न दिसणाऱ्या ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर, नेट बँकिंग, काही नाकारायचं नाही. मी प्रिंट काढून नेली आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. ते मनातल्या मनात वाचायला लागले. मी म्हटलं, सर, मोठ्याने वाचा ना, मलाही ऐकू द्या. आठ दिवसांत कार्ड आलं.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाकून घ्या, फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मुलांनी २००६ मध्ये सुरू केलेला स्क्रीन रीडर, स्क्रीनवरचं बोलून वाचून दाखवतो. युनिकोडमधलं मराठी वाचतो. पण जुन्या फायली कृतिदेव, श्रीलिपी असल्या फॉन्टमधल्या असतील तर 'महाराष्ट्र शासन'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी ऐकू येते. आणि स्कॅन करून टाकलेला जीआर म्हणजे त्याच्यासाठी नुसता फोटो. सगळ्यांत जास्त त्रास तिथे होईल, काठीचा नाही.

रामटेककर

ताई, निराश होऊ नका. आपल्याच विदर्भातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज बघा. तान्हेपणी दृष्टी गेली, आयुष्य उणंपुरं ३४ वर्षांचं, आणि ग्रंथसंपदा केवढी! देव एक घेतो तिथे दुसरं देतो. माझ्या माहितीत एक वैद्य आहेत, डोळ्यांत थेंब टाकतात, ९० दिवसांत फरक. नंबर देऊ का?

कोनमापक

महाराजांना माझाही दंडवत. पण त्यांना ग्रंथ वाचून दाखवणारे लोक होते. मला विजेचं बिल वाचून दाखवायला कोणी नव्हतं, म्हणून फोनचं टॉकबॅक, स्क्रीनवरचं बोलून सांगणारं, शिकलो. देवाने दुसरं काय दिलं ते अजून कळवलेलं नाही, माझे कान पूर्वीइतकेच आहेत, फक्त आता मी ऐकतो.

थेंबांचं म्हणाल तर मी २०१३ मध्ये टाकून बघितले. तुमचे वैद्य नव्हेत, दुसरे. अठरा हजार गेले आणि तीन महिने डोळ्यांची आग. आरपीत पडद्यावरच्या पेशी मरतात, आधी रॉड नावाच्या, अंधारात आणि कडेला बघण्याचं काम त्यांचं. म्हणून आधी रात्र जाते, मग बाजू. पपईचा संबंध नाही, सासूबाईंना हळूच सांगा. जनुकातली चूक आहे, थेंब तिथवर पोचत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत एक जीन थेरपी मंजूर झाली, पण ती आरपीई६५ नावाच्या एकाच जनुकाच्या बिघाडावर, आणि आरपी करणारी जनुकं कितीतरी आहेत. त्यामुळे कोणी 'आरपीवर औषध' म्हटलं की पहिला प्रश्न, कोणत्या जनुकावर?

मुलीबद्दल, ताई: हे प्रत्येक घरात वेगळ्या वाटेने उतरतं. कुठे आई-बाप दोघांकडून यावं लागतं, कुठे एकाकडून पुरतं, कुठे आईकडून मुलाला. तिला एकदा रेटिनावाल्यांना दाखवून ठेवा आणि संध्याकाळी अंगणात खेळताना ती अडखळते का ते बघा. तिच्यासमोर कुजबुजू नका, एवढंच. माझ्या पोराला आम्ही काही सांगितलं नव्हतं, तो सहावीत असताना रात्री डोळे मिटून घरात चालायची प्रॅक्टिस करताना सापडला. त्याला काही झालेलं नव्हतं, बाबांसारखं होणार म्हणून तयारी.

मानेवाडावाली

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले.

कोनमापक सर, तुम्ही बरोबर ओळखलं. ॲक्टिव्हा आहे. दिवसाच चालवतात, चौकापर्यंतच, दूध आणायला, असं मी स्वतःला सांगत होते. मुलीला ट्यूशनला सोडायलाही तेच जायचे. मागे बसवून. हे मी तेव्हा का लिहिलं नाही ते आता लिहिताना कळून राहिलं आहे.

तुमचं पेरूवाल्याचं त्यांना वाचून दाखवलं. मधे उठून गेले नाहीत, पूर्ण ऐकलं. काही बोलले नाहीत. सकाळी बघते तर किल्ली फ्रिजवर. तेव्हापासून तिथेच आहे, ट्यूशनला मुलगी मैत्रिणीसोबत ऑटोने जाते.

फील्ड टेस्ट झाली. डॉक्टरांनी कागद हातात दिला, सगळा काळा आणि मधे एक पांढरा ठिपका, रुपयाएवढाही नाही. हे म्हणाले, प्रिंटर खराब दिसते. मग स्वतःच थांबले. सर्टिफिकेटचा अर्ज पुन्हा टाकला आहे.

काठी मागवली, साडेतीनशेला आली. घडी करून ऑफिसच्या बॅगेत ठेवली आहे, डब्याच्या खाली. अजून काढलेली नाही, पण बॅगेतून काढूनही टाकली नाही. ताटाचं सासूबाईंना सांगितलं तर त्या भलत्या खूश, म्हणे मी तं केव्हाची सांगून राहिले मीठ वरच वाढावं, माझं कोण ऐकते. निळ्या ताटल्या इतवारीतून आणल्या.

काल रात्री जेवताना एकदम म्हणाले, "त्या मास्तरांना विचार ना, पेरूवाल्याने शंभर रुपये परत काऊन केले?" मी म्हटलं, तुम्हीच विचारा. तर म्हणाले, कसं विचारू.

कोनमापक

शनिवारी पहाटे साडेपाचला शंकरनगर चौकात या म्हणावं, मेट्रो स्टेशनच्या खाली, जिन्यापाशी. तो मित्रही येतो, आम्ही दोघं अजून फिरतो. काठी बॅगेतच राहिली तरी चालेल. त्या वेळी मेट्रो सुरू झालेली नसते, ऑटोने पाठवा. आणि ताई, तुम्ही सोबत येऊ नका.